मेल्यावरही न फिटणारं सरकारी देणं

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात तुरुंगातल्या मुक्कामाचं बिल लागतं. 2022 मध्ये ते दिवसाला 249 डॉलर होतं. डॉलर 85 रुपयांना धरला तर 21,165 रुपये रोज, म्हणजे वर्षाला सव्वासत्त्याहत्तर लाख. एवढी रक्कम जळगाव जिल्ह्यातल्या धरणगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याला उभी करायची असेल तर लांब धाग्याच्या कापसाच्या 2025-26 च्या 8,110 रुपये हमीभावाने साडेनऊशे क्विंटल कापूस घालावा लागेल. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल उतारा आला तरी 190 एकर पेरा हवा. तोही हमीभाव पदरात पडला तर! हे धरणगावात कुणाला वेगळं सांगायला नको.

हे बिल सुटकेबरोबर संपत नाही. तिथल्या 1990 च्या दशकातल्या कायद्याने सुटकेनंतर 20 वर्षांपर्यंत सरकार कैद्याच्या वारसाहक्कावर हात ठेवू शकत होतं, आणि तो मेला तर मागे राहिलेल्या मालमत्तेवरही. एका बाईंना आईच्या मृत्यूनंतर घरात वाटा मिळाला. त्यावर त्यांच्यापुढे 83,762 डॉलरची मागणी आली. शिक्षा भोगून जवळपास दोन दशकं लोटली होती. प्रकरण न्यायालयात गेलं, बोभाटा झाला, आणि 2022 मध्ये कायदा सैल करून ही वसुली बहुतांशी खुनासारख्या गंभीर गुन्ह्यांपुरती ठेवण्यात आली.

हाच दर भारताला लावून पाहू. 2022 अखेर देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती. रोजचं बिल 1,213 कोटी रुपये. वर्षाचं सुमारे 4 लाख 43 हजार कोटी. महाराष्ट्राचा 2025-26 चा सगळा अर्थसंकल्प 7 लाख कोटींच्या घरातला. आता खरी अडचण पाहा: या कैद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते, म्हणजे दर चारांतले तीन. ज्याचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही त्याच्या नावाने बिल फाडायचं कसं?

आपल्याकडे फौजदारी तुरुंगातल्या डाळभाकरीचं असं बिल फाडत नाहीत. तुरुंगाबाहेर ठेवलेल्याचं मात्र फाटलं. एल्गार परिषद खटल्यात गौतम नवलखांना सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये नवी मुंबईत नजरकैदेत राहू दिलं, पोलीस पहाऱ्याचा खर्च त्यांच्याच माथी मारून. एप्रिल 2024 पर्यंत तपास यंत्रणेने सांगितलेला आकडा होता 1 कोटी 64 लाख. सुमारे 500 दिवसांत भागला तर दिवसाला 32 हजारांच्या वर, कनेक्टिकटच्या दीडपट. मे महिन्यात जामीन देताना न्यायालयाने 20 लाख भरायला सांगितले.

कैदेचा खर्च मृताच्या मालमत्तेपर्यंत पोचण्याची आपल्याकडची वाट दिवाणी कायद्यात सापडते, आणि ती भलतीच गमतीची आहे. देणं न फेडणाऱ्याला सावकाराने दिवाणी तुरुंगात टाकलं, तर त्याच्या जेवणाचा भत्ता सावकारालाच भरावा लागतो. भरलेली रक्कम दाव्याच्या खर्चात धरली जाते. ऋणको मेला तर ती त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून मागता येते. म्हणजे बापाने तुरुंगात खाल्लेल्या भाकरीचे पैसे पोराला मिळालेल्या वाट्यातून वळते होऊ शकतात.

मेलेल्याच्या मालमत्तेतून वसुलीसाठी सरकारची खरी मदार आहे ती दंडावर. 1860 च्या भारतीय दंड संहितेचं कलम 70 सांगायचं की गुन्हेगार मेला तरी त्याच्या कर्जाला जी मालमत्ता जबाबदार असते ती दंडातून सुटत नाही. 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 8 मध्ये ही तरतूद तशीच आहे. आपल्या जुन्या धर्मशास्त्राला मात्र हे मान्य नव्हतं. याज्ञवल्क्य स्मृती बापाचं दारूचं आणि जुगाराचं देणं जसं मुलाच्या अंगावर टाकत नाही, तसाच बापाचा थकलेला दंडही टाकत नाही. मला विचाराल तर याज्ञवल्क्याची माणसाची समज इंग्रजांच्या कायद्यापेक्षा सरस होती.

दंडाचे आकडेही आता छोटे राहिलेले नाहीत. जळगावच्या घरकुल प्रकरणात धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 31 ऑगस्ट 2019 रोजी 48 जणांना दोषी धरलं आणि माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षं कैद आणि 100 कोटी दंड ठोठावला. जैन अपिलात गेले, 2022 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. कनेक्टिकटच्या दराने 100 कोटींत 129 वर्षांचा तुरुंगवास बसतो! तेवढाच, 100 कोटींचा दंड बंगळुरूच्या न्यायालयाने 2014 मध्ये तमिळनाडूच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री जयललितांना केला होता, आणि त्यातले 5 कोटी खटल्याच्या खर्चापोटी कर्नाटकला द्यायचे होते. पुढे उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायच्या आत, डिसेंबर 2016 मध्ये त्या वारल्या. मृत्यूनंतरही दंड वसूल व्हावा म्हणून कर्नाटक सर्वोच्च न्यायालयात गेलं, पण एप्रिल 2017 मध्ये त्याची याचिका फेटाळली गेली.

तुमच्याआमच्यासारख्यांच्या बाबतीत गोष्ट इतकी वर जात नाही. न्यायालय जिल्हाधिकाऱ्याला वॉरंट पाठवतं, दंड जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होतो. सातबाऱ्याच्या इतर अधिकारात बोजा चढला असेल तर वारसनोंद झाली म्हणून तो उतरत नाही. वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. त्याच्या स्वतःच्या कमाईला कुणी हात लावू शकत नाही. तलाठ्याने वेगळं सांगितलं तर त्याच्याकडून लेखी मागा.