भविष्य, वचन आणि साक्ष : केडगावच्या मुलींना कोणी बोलतं केलं?

मंडळी, आजचा प्रश्न असा : बायबलमधली भविष्यवाणी वाचून ख्रिस्ती माणसाला आपला विश्वास दुसऱ्याला सांगावासा का वाटतो? जे होणार ते देवच करणार असेल, तर माणसाने घरी स्वस्थ बसायला काय हरकत आहे?

आधी शब्द नीट समजून घेऊ. आपल्याकडे ‘भविष्य’ म्हटलं की पत्रिका आणि पंचांग आठवतं. मराठी बायबलमध्ये मात्र अशा माणसाला ‘संदेष्टा’ म्हटलं आहे. संदेष्टा म्हणजे संदेश आणणारा. तो उद्याची बातमी देतो, पण तेवढंच त्याचं काम नाही. तो देवाचं वचन आणतो. ‘उद्या पाऊस पडेल’ हे झालं भाकीत. ‘उद्या मी तुझ्याकडे येईन’ हे झालं वचन. भाकीत ऐकणारा वाट पाहत बसतो. वचन ऐकणारा घर झाडून ठेवतो, शेजाऱ्यालाही सांगतो. माझ्या मते आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

उरलेलं अर्धं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. रहाटणीहून सोलापूरच्या वाटेला लागलं की दौंड तालुक्यात केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे. रमाबाईंचा जन्म 1858 चा. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे 1896-97 च्या आणि 1900 च्या दुष्काळातल्या शेकडो मुली त्यांनी केडगावला आणल्या. त्यांत विधवा होत्या, अनाथ होत्या. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. घरात, गावात त्यांचं मत कोणी विचारलेलं नव्हतं.

1905 च्या जूनअखेरीस तिथे प्रार्थनेची मोठी लाट आली. मुली रडल्या, मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि पुढे गट करून आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला निघाल्या. मिशनमधल्या मिनी एब्रम्स यांनी पुढच्याच वर्षी यावर पुस्तक लिहिलं. या घटनेचा अर्थ लावताना योएल संदेष्ट्याच्या दुसऱ्या अध्यायाचा आधार घेतला गेला. देव आपला आत्मा सर्वांवर ओतेल, असं तिथे म्हटलं आहे. ‘सर्वांवर’ म्हणजे कोणावर, हेही योएल मोजून सांगतो. मुलगे आणि मुली, म्हातारे आणि तरुण, आणि शेवटी दास आणि दासी. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र यरुशलेमात याच उताऱ्याचा दाखला देतो.

आता बघा, ‘मुली’ आणि ‘दासी’ हे शब्द केडगावच्या मुलीने ऐकले, तर तिला काय वाटलं असेल? जगाचा शेवट कधी, या हिशेबात तिला गोडी कशाला असेल? ‘बोलायचा अधिकार मलाही आहे’, हे तिला त्यातून मिळालं. माझ्या मते भविष्यवाणीची खरी प्रेरणा ही आहे. भीतीपेक्षा ती अधिकार देते.

पण एक अडचण आहे आणि ती टाळता येणार नाही. 1893 मध्ये पुण्यात शारदा सदनावरून वाद पेटला. मुलींना ख्रिस्ती करण्याचा प्रयत्न होतो, असा आक्षेप होता. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आक्षेपामागचा प्रश्न आजही खरा आहे. ज्याच्या घरी आपण जेवतो, त्याला ‘नाही’ म्हणणं किती सोपं असतं?

यावर भविष्यवाणीतच एक औषध आहे, असं मला वाटतं. यशयाच्या 55 व्या अध्यायात देव म्हणतो की माझं वचन पावसासारखं आहे, ते रिकामं परतत नाही. याचा अर्थ नीट लावा. पीक आणणं पावसाकडे आहे, सांगणाऱ्याकडे नाही. मत्तयाच्या 24 व्या अध्यायात सुवार्ता सर्व राष्ट्रांत ‘साक्षीसाठी’ गाजवली जाईल, असं आहे. साक्षीदार जे पाहिलं ते सांगतो, निकाल देत नाही. म्हणून ज्याचा वचनावर खरा भरवसा आहे, त्याला आमिष दाखवावं लागत नाही, दबाव आणावा लागत नाही, डोकी मोजावी लागत नाहीत. जिथे हे सगळं चालतं, तिथे भविष्यवाणीवरचा विश्वासच कमी पडला, असं मी म्हणेन.

तेव्हा चाकणला पाळी करून आलेला शेजारी ‘आज नको’ म्हणाला, तर त्याला चहा द्या आणि विषय बदला. वचन देवाचं असेल, तर त्याला घाई नाही.