जुन्या मोटारीत पाण्याचा निचरा
डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यातील आपल्या कारागीर बांधवांनी ब्रिटनच्या एम.जी.बी. या स्पोर्ट्स कारचे पत्रेकाम जरूर समजून घ्यावे. १९६२ ते १९८० या काळात एबिंग्डनला बनलेल्या या गाडीला वेगळी चासी नाही. दरवाजांखालच्या पोकळ पेट्याच मोठा भार पेलतात. त्यांच्या तळाशी पाणी निथळायला मुद्दाम फटी ठेवल्या आहेत. तिथली पट्टी किल्ल्याच्या तटासारखी दातेरी असते ती त्यासाठीच. पण घाईचा दुरुस्तीवाला नवा पत्रा सलग वेल्ड करतो, वर जाड लेप फासतो. गिऱ्हाईक खूश, आत मात्र गंज सुरू!

दुसरी जागा काचेपुढची हवेची जाळी. तिथले पाणी रबरी नळीने खाली जाते. नळी पाचोळ्याने तुंबली की पाणी हीटरवाटे थेट पायांपाशी.

म्हणून फटी तारेने मोकळ्या कराव्यात, नळी धुवावी आणि जाळीवर तांब्याभर पाणी ओतून ते खाली पडते का पाहावे. याची मजुरी आधीच वेगळी सांगावी. न दिसणारे काम गिऱ्हाईक फुकट धरतो. पेटी आतून पूर्ण सुकल्यावरच मेण फवारावे, नंतर फटी पुन्हा तपासाव्यात. भार पेलणाऱ्या पत्र्याला वाटेल तिथे भोक पाडू नये. पाडावेच लागले तर सर्वांत खालच्या जागी, आणि कडा घासून जस्ताचा प्रायमर लावावा.