एकट्याने की एकजुटीने?



मी गणिती नव्हे. शाळा सातवीला सुटली. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत रात्री वाचलेले. तरी आज एका गणिताविषयी बोलतो, कारण त्याचे मर्म आम्हा कामगारांच्या ओळखीचे आहे.

डाग पडलेले काळेपांढरे छायाचित्र यंत्राकडून स्वच्छ करायचे आहे, असे समजा. प्रत्येक ठिपका काळा की पांढरा, हे ठरवायचे. दिसला त्याहून वेगळा रंग दिला, तर एक दंड. शेजारच्या दोघांचे रंग जुळले नाहीत, तर त्या जोडीला दुसरा दंड. एकूण दंड कमीत कमी व्हावा, एवढाच प्रश्न. पण शंभर ठिपक्यांच्याच मांडण्या २ चा १०० वा घात, म्हणजे एकतीस आकडी संख्या! एकेक तपासायला आयुष्य पुरणार नाही.

ज्युलियन बेसॅग या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९८६ साली सोपी वाट मांडली: शेजारी आहेत तसे धरून एकेका ठिपक्याला स्वस्त रंग विचारायचा. वाट झटपट खरी, पण अडते कुठे पाहा. काळ्या मैदानात चार पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन आहे. वर, खाली, डावा, उजवा हेच शेजारी. रंग बदलण्याचा दंड ३, न जुळणाऱ्या जोडीचा २. कडेच्या आठ जोड्या जुळत नाहीत, दंड १६. एकच ठिपका काळा झाला, तर बाहेरच्या दोघांशी जुळतो, आतल्या दोघांशी तुटतो, वर स्वतःचे ३. दंड १९! चौघे मिळून बदलले, तर फक्त १२.

‘मी एकटा कसा पुढे होऊ?’ हे गेटावर मी शेकडो वेळा ऐकले आहे. बोलणारा भित्रा नसतो; त्याचा हिशेब बरोबर असतो. चुकतो तो एकेकट्याला विचारणारा.

दोनच रंग असतील, तर सर्वांचा एकत्र हिशेब करून अचूक उत्तर निघते, हे १९८९ साली दाखवले गेले. रंग अनेक झाले, की अचूक उत्तर फार अवघड. तेथे बॉयकोव्ह, वेक्सलर आणि झबीह यांनी २००१ साली युक्ती मांडली: एक रंग पुकारायचा, आपला ठेवायचा की पुकारलेला घ्यायचा, हे सर्वांचे एकदम ठरवायचे. मग दुसरा रंग, तिसरा. दंड घटेनासा होईपर्यंत. न जुळणाऱ्या प्रत्येक जोडीला सारखाच दंड असेल, तर शेवटचा एकूण दंड सर्वोत्तमाच्या दुपटीपलीकडे जात नाही.

अदमासाचे उत्तर म्हणजे अंधारातला बाण नव्हे. सर्वोत्तम हाती आले नाही, तरी आपण त्यापासून किती दूर राहू शकतो, हे आधी माहीत हवे. कराराच्या मसुद्यावर सही करण्यापूर्वी मीही हेच विचारतो.