पंधरा दिवसांनी दाखवायला आण

गेल्या महिन्यात नातवाच्या सायकलचं मागचं चाक इंग्रजी आठसारखं पिळलं. सायकल घेऊन तीन महिनेही झाले नव्हते. बिनगिअरची, ऐटबाज, लाल रिमची. रिम तीन बोटं उंच आणि तारा मोजून चोवीस. आमच्या जबलपूर शहरात आता मदनमहालहून दमोह नाक्यापर्यंत उड्डाणपूल झाला. पण पुलावरून उतरलं की खड्डा हा असतोच. अशाच एका खड्ड्याने चाकाचा निकाल लावला. दुकानात नेलं तर तिथला मुलगा हात न लावता म्हणाला, ‘‘अंकल, पूरा सेट बदलना पड़ेगा. इसमें रिपेअर नहीं होता.’’

‘अंकल’ म्हटल्याचं वाईट वाटलं नाही, वय झालंच आहे. ‘रिपेअर नहीं होता’ मात्र जिव्हारी लागलं. जबलपुरात, चाक दुरुस्त होत नाही?

हे शहर चाकांवर वाढलेलं आहे. १९०४ साली इंग्रजांनी इथे जो कारखाना काढला त्याच्या नावातच तोफेचा गाडा आहे, गन कॅरेज फॅक्टरी. दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला. १९५९ मध्ये गन कॅरेजमधूनच शक्तिमान ट्रक बाहेर पडला आणि १९६९ साली व्हेइकल फॅक्टरी झाली. फौजेच्या ज्या जोंगा जीपचं नाव देशभर झालं, ते नावसुद्धा जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या शब्दांची आद्याक्षरं जोडून बनलेलं. या कारखान्यांच्या नोकऱ्यांनी आमच्यासारखी कितीतरी मराठी घरं इथे रुजली. वडील कामावर जात ती विलायती रॅलेवरून. तिला त्यांनी कोणालाही हात लावू दिला नाही, त्यामुळे तिच्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पुढे देशी सायकली आल्या. वरळीची हिंद, आसनसोलची सेन-रॅले, १९५१ पासून सोनिपतची अ‍ॅटलस, १९५६ पासून लुधियानाची हिरो. हिंद आणि सेन-रॅले अशा डबघाईला आल्या की १९८० मध्ये सरकारला त्यांचं राष्ट्रीयीकरण करावं लागलं. पण तो हिशेब दुसऱ्यांचा. माझा हिशेब १९७६ ते १९८६ या दहा वर्षांचा आहे.

१९७६ साली मलाही कारखान्यात नोकरी लागली आणि पगारातून साठवून मी काळी अ‍ॅटलस घेतली. गोलबाजारातून निघायचं, घमापूर चौक, सतपुला, गन कॅरेजची भिंत डावी-उजवीकडे टाकत रांझी. सकाळच्या भोंग्याआधी हा रस्ता सायकलींनी असा भरायचा की पाय टेकवायला जागा मिळायची नाही. हँडलला डबा, कॅरियरला रेनकोट, आणि एवढ्या गर्दीत आवाज फक्त चेनचा आणि घंट्यांचा. संध्याकाळी तोच लोंढा उलटा. परतताना कॅरियरवर गव्हाचं पोतं, गॅसची टाकी, बायको, पुढच्या नळीवर मूल. त्या चाकांनी काय काय वाहिलं याची नोंद कोणत्याच गेटपासवर नाही.

आणि ती चाकं टिकत. का टिकत, हे मला घमापूरच्या एका मिस्त्रीने शिकवलं. झाडाखाली लाकडी पेटी, एक उलटा चिमटा आणि तारा कसायची चावी एवढंच त्याचं दुकान. नवी सायकल घेतल्यावर महिन्याभरात मागचं चाक ‘आउट’ झालं, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडे डुलायला लागलं. मी कंपनीला शिव्या घालत त्याच्याकडे गेलो. त्याने तारांवरून चावीची दांडी फिरवली, सतारीवरून फिरवावी तशी. आवाज सगळे वेगवेगळे आले. म्हणाला, ‘‘बाबूजी, रिम का तो नाम है. पहिया तान पे चलता है.’’

आपल्याला वाटतं चाक खालच्या तारांवर उभं असतं, खांबावर घर उभं असतं तसं. पण सायकलची तार उभी दाबली तर वाकेल, ती खांब कुठली होणार. ती ताणलेली असते म्हणून कामाची. चाक फिरताना जी तार खाली येते तिचा ताण थोडा उतरतो, वर गेली की पुन्हा भरतो. मुळातच ढिली असेल तर खाली येताना ती पार सैल पडते, आणि हबच्या कडेला जिथे तिला बाक असतो तिथे दर फेरीला हलते. हजारो फेऱ्यांनी तिथला लोखंडाचा जीव थकतो आणि एके दिवशी ती तुटते. आपण म्हणतो ओझ्याने तुटली. खरं तर ती ढिलाईने तुटलेली असते. कारखान्यात धातू थकतो हे आम्हाला मोठ्या यंत्रांवर शिकवलं होतं. रोज बुडाखाली असलेल्या चाकात तेच चाललंय हे मिस्त्रीकडून कळलं.

त्याचं चाक बांधणं मी कितीदा बघत बसलो असेन. पुढच्या चाकाला बत्तीस तारा, मागच्याला चाळीस, कारण माणसाचं आणि पोत्याचं बहुतेक वजन मागे. एक तार दुसऱ्या तिघींना ओलांडून रिमकडे जाणार. आधी सगळी निपलं सारख्या आट्यांवर आणायची, मग पाव-पाव फेरा. खडू धरून चाक फिरवायचं, जिथे पांढरं लागेल तिथे समोरची तार कसायची. शेवटी दोन-दोन तारा मुठीत धरून करकचून दाबायच्या. चाकातून कट-कट आवाज यायचा, पिळलेल्या तारा सरळ व्हायच्या. मग पुन्हा खडू. हबमध्ये ग्रीस, छर्रे मोजून, कोन असा कसायचा की चाक अडकू नये आणि हलूही नये. आणि निघताना एक वाक्य ठरलेलं, ‘‘पंद्रह दिन बाद दिखाने ले आना.’’ नवं बांधलेलं चाक चालवल्यावर बसतं, तारा थोड्या सैलावतात. तेव्हा एकदा कसून घेतलं की मग वर्षानुवर्षं बघायला नको. या फेरीचे तो पैसे घेत नसे.

एकदा मी शहाणपणा केला. १९८३ साली एका दुकानदाराने ‘‘तार मोटी है, मजबूत है’’ म्हणून मला चकचकीत मुलाम्याच्या तारा गळ्यात मारल्या. मिस्त्रीने नको म्हटलं, मी ऐकलं नाही. तीन महिन्यांत सतपुल्याच्या उतारावर एकापाठोपाठ चार तुटल्या. मी रस्त्यावर आणि पिठाचा डबा नाल्यात. बघून हसणारा सहकारी नव्या लूनावर होता आणि पुढे वर्षभर त्याने मला ‘तार आली का?’ असं विचारलं. त्याची लूना कितीदा ढकलत न्यावी लागली हे मी तेव्हा बोललो नाही, आज लिहून ठेवतो.

पुढचं भराभर सांगतो, कारण ते मला कंटाळवाणं वाटतं. स्कूटर आल्या, मग मोटारसायकली. फॅक्टरीच्या स्टँडवर सायकलींची रांग दरवर्षी आखडत गेली. २२ मे १९९७ च्या पहाटे भूकंप झाला. आमच्या अंगणातली भिंत सायकलवर पडली, मागचं रिम चपटं झालं. मिस्त्रीने हब वाचवलं, नवं रिम बांधलं आणि सवयीने पंधरा दिवसांची तारीख दिली. त्याच्या जागी आता ई-रिक्षाच्या बॅटऱ्या मिळतात. ३ जून २०२० ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद झाला. १ ऑक्टोबर २०२१ ला आमच्यासह देशातल्या सगळ्या आयुध निर्माणी सात कंपन्यांत वाटल्या गेल्या. कागदावर सगळं सुटसुटीत झालं असेल. जुन्या लोकांना मात्र आपण कोणत्या कंपनीतून निवृत्त झालो हे आठवून सांगावं लागतं.

गंमत अशी की ज्या पोरांनी गिअरच्या सायकलींसाठी हट्ट केला, तीच आता बिनगिअरच्या सायकलीला फॅशन म्हणतात. मला ते आवडतं. कारण चाकाच्या दृष्टीने एका चकतीची सायकल भाग्यवान. गिअरच्या चाकाला उजवीकडे सात-आठ चकत्या बसवायच्या म्हणून हबची उजवी कड आत सरकवावी लागते. उजव्या तारा ताठ, डाव्या ढिल्या, चाक जन्मतःच लंगडं. एकाच चकतीला जागा लागते थोडी, दोन्हीकडच्या तारा जवळजवळ सारख्या ताणता येतात. इतकं सोपं, बळकट चाक देवाने हातात दिलं आणि बाजाराने त्याच्या तारा काढून रंग लावला! काही पोरं तर फ्रीव्हीलच टाकून ‘फिक्स’ चालवतात. आमच्या वेळी फ्रीव्हीलचे कुत्रे, म्हणजे आतले खटके, गंजून अडकले की पायडल थांबायचं नाही आणि आम्ही ओरडत मिस्त्रीकडे पळायचो. आता त्याचे पैसे मोजतात. मोजा बापडे. पण पाय उलटे दाबून सायकल थांबवायची तर हबला आणि तारांना दोन्ही दिशांनी झटके बसतात. तिथे चोवीस तारांचं चाक लावणं म्हणजे पोत्याला सुतळीऐवजी लोकरीचा धागा. शिवाय चकतीवर उलट्या आट्यांची कडी हवीच, नाहीतर चकतीच सुटून येते.

नातवाला मी सेट घेऊ दिला नाही. छत्तीस भोकांचं दुहेरी भिंतीचं अ‍ॅल्युमिनियमचं रिम घेतलं, साधं, कोन कसता येणारं हब घेतलं, आणि आधारतालच्या बाजूला एक म्हातारा मिस्त्री शोधला. रंग काळा आहे म्हणून नातू दोन दिवस बोलला नाही. मिस्त्रीने चाक चांगलं बांधलं, मी तारांवर चावी फिरवून आवाज ऐकला. फक्त निघताना तो काही म्हणाला नाही. आता परत कोणी येत नसेल, म्हणून सांगायची सवय मोडली असेल.

तुम्ही चाक घ्याल तेव्हा रंग आणि उंची बघू नका. तारा मोजा, त्या वाजवून बघा, आणि बांधणारा परत बोलावतो का ते विचारा. नाही बोलावलं तरी जा. मी घरच्या कालनिर्णयवर खूण केली आहे. येत्या रविवारी पंधरा दिवस भरतात.