एक जगज्जेता, पण पाच कुठून आणायचे?

डिसेंबर २०२१. स्पेनमधल्या हुएल्वा शहरात जागतिक बॅडमिंटन स्पर्धेच्या पुरुष एकेरीची अंतिम लढत सुरू होती आणि पहिल्या गेममध्ये किदंबी श्रीकांत ९-३ असा पुढे होता. एवढी आघाडी पाहून घरोघरी टीव्हीसमोर बसलेले भारतीय निवांत झाले असतील, तर त्यात त्यांची चूक नव्हती. जाळीपलीकडचा चोवीस वर्षांचा लो कीन यू बिगरमानांकित होता, क्रमवारीत बाविसावा होता आणि उपांत्यपूर्व सामन्यात त्याचा घोटा दुखावला होता. पण त्याने झेपावून शटल उचलायला सुरुवात केली, वेग वाढवला आणि तो गेम २१-१५ असा फिरवला. दुसरा गेम २२-२० असा सुटला. ४३ मिनिटांत सिंगापूरला बॅडमिंटनमधला पहिला जगज्जेता मिळाला.

हा काही नशिबाने लागलेला मटका नव्हता. पहिल्याच फेरीत लोने ऑलिम्पिक विजेत्या व्हिक्टर अॅक्सलसनला हरवले होते. त्याआधी काही आठवडे तो दुबईत याच अॅक्सलसनबरोबर सराव करत होता. पुढे त्याने एच. एस. प्रणॉयला आणि डेन्मार्कच्या अँडर्स अँटोन्सनलाही घरी पाठवले.

सिंगापूरचे क्षेत्रफळ मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीपेक्षा काहीसे जास्त आहे आणि लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहून कमी. एवढ्याशा बेटावरचा खेळाडू एखाद्या दिवशी कोणालाही गारद करू शकतो, हे जगाने त्याआधीही पाहिले होते. २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये रोनाल्ड सुसिलोने अव्वल क्रमांकाच्या लिन डॅनला पहिल्याच फेरीत १५-१२, १५-१० असे बाहेर काढले. २०१९च्या जागतिक स्पर्धेत यो जिया मिनने जपानच्या अकाने यामागुचीला धक्का दिला. अडचण येते ती एकाच वेळी पाच सामने खेळायची वेळ आली की.

सांघिक बॅडमिंटनचा हिशेब कडक आहे. पुरुषांच्या थॉमस चषकात आज तीन एकेरी आणि दोन दुहेरी सामने होतात. मिश्र सांघिक स्पर्धेत पुरुष व महिला एकेरी, दोन्ही दुहेरी आणि मिश्र दुहेरी, असे पाच. तीन जिंकले तरच लढत खिशात. जगज्जेता मैदानात उतरला तरी त्याच्या नावावर एकच गुण लागतो.

२०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतली भारताविरुद्धची उपांत्य लढत याचा नमुना होती. मुंबईचा चिराग शेट्टी आणि सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी या जोडीने टेरी ही आणि अँडी क्वेक यांना सहज हरवले. पी. व्ही. सिंधूने यो जिया मिनला नमवले. मग लक्ष्य सेनने खुद्द लोला २१-१८, २१-१५ असे हरवले आणि ३-०वर विषय मिटला. सिंगापूरला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. पण याच स्पर्धेत पुरुष दुहेरीत हरलेल्या टेरीने जेसिका टॅनच्या साथीने मिश्र दुहेरीचे सुवर्ण पटकावले. एकाच माणसाने दोन जोड्या सांभाळायच्या ही चैन नव्हे, मनुष्यबळाची चणचण आहे.

ही चणचण नेहमीच नव्हती. १९४९ साली पहिला थॉमस चषक मलायाने जिंकला तेव्हा संघाचा कणा वाँग पेंग सून होता. जोहोर बारूत जन्मलेला, सिंगापुरात खेळणारा वाँग पुढे चार वेळा ऑल इंग्लंड विजेता झाला. चौथे विजेतेपद १९५५चे, म्हणजे त्याने पस्तिशी ओलांडल्यानंतरचे. तेव्हा थॉमस चषकाच्या एका लढतीत नऊ सामने होत आणि मलायाने १९५२ व १९५५ सालीही चषक राखला. गिलमार्ड रोडवरचा सिंगापूर बॅडमिंटन हॉल १९५२ सालचा. मलेशियात विलीन होण्याबाबतच्या १९६२च्या सार्वमताची मतमोजणी तिथेच झाली आणि १९६५ साली रोलिंग स्टोन्सही तिथेच गाऊन गेले. पण तेव्हा सिंगापूरचे आणि द्वीपकल्पाचे खेळाडू एकाच झेंड्याखाली खेळत. १९६५ साली सिंगापूर स्वतंत्र झाले आणि तो मोठा साठा हद्दीपलीकडे राहिला.

मग माणसे बाहेरून आणणे आले. सुसिलो इंडोनेशियात जन्मलेला. २००२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत महिला एकेरीचे सुवर्ण जिंकणारी ली ली चीनची. २०१० साली दिल्लीत ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांच्याविरुद्ध अंतिम सामना खेळलेल्या जोडीपैकी शिंता मुल्या सारी इंडोनेशियाची आणि याओ लेई चीनची. परदेशी गुणवत्तेवर पैसा ओतायचा की आपलीच पोरे घडवायची, हा वाद सिंगापुरात वर्षानुवर्षे चालला. लो स्वतः मलेशियातल्या पेनांगचा. शिष्यवृत्ती मिळवून तो कोवळ्या वयात सिंगापूर स्पोर्ट्स स्कूलमध्ये आला आणि पुढे नागरिक झाला. म्हणजे जन्माने पाहुणा, पण घडला बेटावरच.

बेटावरच्या मुलांपुढे आणखी एक अडसर असतो. अठराव्या वर्षानंतर प्रत्येक तरुणाला सुमारे दोन वर्षांची राष्ट्रीय सेवा सक्तीची असते. चीन-इंडोनेशियातली त्याच वयाची मुले राष्ट्रीय शिबिरात रोज घाम गाळत असतात, तेव्हा हा गणवेशात असतो. लोलाही ही सेवा चुकली नाही. ती आटोपल्यावर जानेवारी २०१९मध्ये थायलंड मास्टर्सच्या अंतिम सामन्यात त्याने लिन डॅनला हरवले.

अस्सल सिंगापुरी परंपराही आहेच. १९८३च्या आग्नेय आशियाई स्पर्धेत वाँग शून कीटने एकेरीचे सुवर्ण जिंकले. त्याचा मुलगा डेरेक वाँग २०१४ साली ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पारुपल्ली कश्यपला तिसऱ्या गेममध्ये १९-२१पर्यंत नेऊन हरला.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये लो उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला आणि तिथे अॅक्सलसनने त्याला अडवले. त्याच्या वीस वर्षे आधी सुसिलोही याच टप्प्यावर थांबला होता. बॅडमिंटनमधले ऑलिम्पिक पदक सिंगापूरला अजून मिळायचे आहे, आणि लोनंतर कोण, याचे उत्तर बेटावरच्या कोणत्या तरी शाळेच्या कोर्टवर शोधले जात आहे.