स्प्रिंग आखूड, जोडीदार जुनाच!

वांद्र्याच्या कार्टर रोडवर जमिनीला टेकल्यासारखी धावणारी मोटार तुम्ही कधी पाहिली असेल. तिच्या मूळ स्प्रिंगांच्या जागी आखूड, ताठ स्प्रिंगा बसवलेल्या असतात. गुरुत्वमध्य खाली येतो, वळणावर मोटार कमी कलते. मग बिघडते कोठे?

स्प्रिंग धक्का झेलते, पण नंतर डोलत राहते. शॉक ॲबसॉर्बरमधील तेल बारीक छिद्रांतून जाताना त्या ऊर्जेची उष्णता होते आणि डोलणे थांबते. स्प्रिंगचा ताठपणा दुप्पट केला, तर दोलनांची वारंवारता सुमारे १.४ पट होते. मूळ शॉक ॲबसॉर्बर त्यांना आवरायला अपुरा पडतो. शिवाय त्याच्या दट्ट्याला खाली सरकायला जागाही कमी उरते. खड्ड्यात तो तळाशी आपटतो, उसळलेल्या चाकाची पकड सुटते. नेमका तेव्हाच ब्रेक लावला तर?

स्प्रिंगला वजन टांगून ते आधी हवेत, मग पाण्याच्या बादलीत डोलवून पाहा. जोडीदाराचे महत्त्व पटेल!