मॅच पाहायला मुंबईला : तीन बायका, दोन लोकल आणि एक जुईनगर

"काय व माय, टीव्हीवर दिसत नाही काय मॅच? एवढ्या दूर कायले जाता?"

हा आमच्या सासूबाईंचा प्रश्न. आणि खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकलं नव्हतं. खामगावात आपल्या दिवाणखान्यात बसून, चहाचा कप हातात घेऊन सामना जितका छान दिसतो, तितका मैदानात काही दिसत नाही. पण लेकीचं वय सतरा. लहानपणापासून गल्लीतल्या मुलांत बॅट घेऊन खेळलेली. महिलांचा विश्वचषक आपल्या महाराष्ट्रात होतो आहे, साखळी सामन्यांची तिकिटं शंभर रुपयांपासून आहेत, आणि मामा डोंबिवलीला राहतो. मग तिनं हट्ट धरला तर नवल काय?

"बारावीचं वर्ष आहे," हे म्हणाले. "शिवाय बरोबर पुरुषमाणूस कोण?" माझ्या भावाची त्या दिवशी ड्यूटी. म्हणजे जायचं तर मी, माझी वहिनी आणि लेक, अशा तिघी बायकांनीच. दोन दिवस घरात या विषयावर शांतता होती. शेवटी यांनीच तिकिटं काढून आणली नि म्हणाले, "जा. पण सगळं नीट ठरवून जा."

ते 'नीट ठरवणं' म्हणजे काय, हे मला त्या प्रवासात कळलं. मैत्रिणींनो, पुढं कधी आपल्यापैकी कुणावर मोठ्या सामन्याच्या दिवशी मुंबईत फिरायची वेळ आली, तर उपयोगी पडावं म्हणून हे लिहिते आहे.

आधी जागा समजून घ्या

२०२५ च्या विश्वचषकाचे काही सामने आधी बंगलोरला व्हायचे होते. पण तिथं ४ जून २०२५ रोजी विजयोत्सवाच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ११ जणांचा जीव गेला. पुढं ऑगस्टमध्ये ते सामने नवी मुंबईला हलवले. अंतिम सामनासुद्धा नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ठरला.

आता आपण 'मुंबई' म्हटलं की डोळे मिटून सी.एस.एम.टी.चं तिकीट काढतो. इथंच पहिली चूक होते. हे स्टेडियम चर्चगेटजवळच्या वानखेडेसारखं शहराच्या टोकाला नाही, खाडीपलीकडे आहे. विदर्भाकडून येणाऱ्या बाईनं सी.एस.एम.टी.ला उतरून हार्बर मार्गानं नेरूळला जाणं म्हणजे निम्मं शहर पुढं जाऊन परत मागं येणं! आपल्या गाड्या कल्याणला थांबतात. तिथं उतरावं, लोकलनं ठाण्याला यावं, आणि ठाण्याहून नेरूळ किंवा पनवेलची लोकल धरावी. या मार्गाला ट्रान्स-हार्बर म्हणतात. ठाण्यात या गाड्या ९ आणि १० नंबरच्या फलाटांवरून सुटतात. वाशीची गाडी मात्र धरू नये. ती तुर्भ्याहून सानपाड्याकडे वळते, नेरूळला जात नाही.

आपल्या जिल्ह्यातून निघायचं तर बुलढाणा शहराला रेल्वे नाही. तिकडच्या बायकांना मलकापूर गाठावं लागतं. आम्ही खामगावकर शेगावला जातो. एस.टी.त मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे, तेव्हा स्टेशनापर्यंतचा खर्च फारसा नाही. रेल्वेचं आरक्षण मात्र ६० दिवस आधी उघडतं, आणि सणाच्या दिवसांत ते उघडल्या दिवशीच करावं. आमचा सामना २३ ऑक्टोबरला, म्हणजे नेमका भाऊबीजेला. पाडव्याला यांना ओवाळलं आणि रात्रीची गाडी धरली. आम्हाला आर.ए.सी. मिळालं. एका बाकावर मायलेकी पाय दुमडून बसलो, ते थेट कल्याणपर्यंत.

पिशवीची फजिती

भाऊबीजेच्या सकाळी भावाला ओवाळलं आणि मी कामाला लागले. कामाला म्हणजे? दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या. आपल्या बाईचा स्वभाव! वहिनी हसून म्हणाली, "वन्सं, हे आत नेऊ देणार नाहीत हो." मी ऐकलं नाही. तिकिटाबरोबरचे नियमही वाचले नव्हते. व्हायचं तेच झालं. सगळा शिधा प्रवेशाच्या अलीकडेच, रस्त्याच्या कडेला उभ्या-उभ्या तिघींनी संपवला, आणि उरलेला तिथल्या झाडूवाल्या बाईंच्या ओंजळीत घातला. त्या म्हणाल्या, "दिवाळी झाली माझी." तेव्हा मला जरा बरं वाटलं.

यातून धडा घ्या. मोठ्या सामन्यांना बाहेरचं खाणं, पाण्याची बाटली आणि मोठी पिशवी सहसा चालत नाही. नियम आधी वाचावेत. घरून पोटभर जेवून निघावं. अंगावर पंजाबी ड्रेस असावा, नाहीतर साडी नीट पिना लावून. ओढणी मोकळी सोडू नये. पायात पट्ट्याची चप्पल किंवा बूट असावेत. ४ जुलै २०२४ ला विश्वविजेत्या संघाच्या मिरवणुकीला मरीन ड्राइव्हवर लोटलेली गर्दी ओसरल्यावर रस्त्यावर चपलांचे ढीग उरले होते, ते चित्र आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पैसे दोन ठिकाणी ठेवावेत. आणि घरच्यांचे दोन फोन नंबर कागदावर लिहून मुलांच्या खिशात ठेवावेत. मोबाइल आहे ना, असं म्हणू नका. हजारो माणसं एका जागी आली की फोन लागत नाही, आणि बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

रविवार आणि रात्र

लोकलच्या दोन गोष्टी आपल्या गावाकडच्या माणसाला ठाऊक नसतात. एक म्हणजे रविवारचा मेगाब्लॉक. रुळांच्या दुरुस्तीसाठी रविवारी दिवसा काही मार्गांवर काही तास गाड्या बंद ठेवतात किंवा दुसऱ्या मार्गानं वळवतात. सामना रविवारी असेल तर आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पाहून ठेवावं.

दुसरी गोष्ट शेवटच्या गाडीची. मुंबईची लोकल रात्रभर धावत नाही. मध्यरात्रीच्या सुमारास ती थांबते ती पहाटेपर्यंत, आणि ट्रान्स-हार्बरवर तर मुख्य मार्गापेक्षा गाड्या कमीच. दुपारी तीनला सुरू होणारा सामना पावसानं लांबला की हिशेब कोसळतो. म्हणून जाताना स्टेशनवर दोन कामं करावीत. परतीच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा लिहून घ्याव्यात, आणि येतानाचं तिकीट जातानाच काढावं. परतताना खिडकीपुढची रांग पाहून डोळे पांढरे होतात.

आमच्या सामन्याला पाऊस आलाच. भारत त्याआधी लागोपाठ तीन सामने हरला होता, म्हणजे न्यूझीलंडला हरवणं भागच होतं. आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनानं १०९ केल्या, प्रतिका रावलनं १२२. लेकीचा घसा बसला. पण पावसात वेळ गेला आणि रात्र चढू लागली. काही षटकं बाकी होती, सामना जवळजवळ हातात होता, तरी वहिनी म्हणाली, "आता उठायचं." लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही उठवत नव्हतं. पण उठलो.

ती चार मिनिटं

नेरूळ स्टेशनवर आमच्यासारखेच शहाणे पुष्कळ जमले होते. गाडी आली. बायकांच्या डब्यापाशी एकच रेटा. लेक पुढं होती, ती त्या रेट्याबरोबर आत ओढली गेली. माझा हात सुटला. मी दांडीला हात घालणार तोच वहिनीनं मला मागं खेचलं. "चढू नका! सुटली गाडी!"

गाडी गेली. माझी सतरा वर्षांची पोर त्या गाडीत, अनोळखी शहरात, रात्रीच्या वेळी. फोन लावला, लागला नाही. परत लावला, नाही लागला. यांचा चेहरा डोळ्यांपुढं आला, सासूबाईंचा आला. मला दरदरून घाम फुटला.

वहिनी मात्र शांत. "सकाळी काय ठरलंय आपलं?"

सकाळी चहा पिताना तिनं आम्हाला एक नियम सांगितला होता. मी तेव्हा तो अर्ध्या कानानं ऐकला होता. नियम असा : चुकामूक झाली, तर जी गाडीत चढली तिनं पुढच्याच स्टेशनवर उतरायचं आणि उतरली त्याच जागी उभं राहायचं. परत मागं यायचं नाही, कुणाला शोधायला हलायचं नाही. जी मागं राहिली तिनं पुढची गाडी घ्यायची, आणि तोच डबा धरायचा. म्हणजे उतरल्यावर दोघी समोरासमोर येतात. दोघींनीही एकमेकींना शोधायला सुरुवात केली, की रात्रभर शोधत बसायचं!

पुढची गाडी येईपर्यंतचा वेळ किती होता ते मला सांगता येणार नाही. गाडीत बसल्यावरची जुईनगरपर्यंतची चार मिनिटं मात्र मला जन्मभर आठवतील. मनात एकच विचार होता. तिनं तरी नीट ऐकलं असेल ना?

जुईनगर आलं. दार उघडंच होतं. आणि फलाटावर, बरोब्बर बायकांच्या डब्यासमोर, दिव्याच्या खांबाला पाठ लावून माझी लेक उभी. शेजारी दोन कॉलेजच्या मुली, त्यांच्या हातात मोबाइल. मी तिला मिठी मारणार, तर ती म्हणते कशी, "आई, थांब ना, शेवटची ओव्हर बघू दे!" रागवावं की हसावं? मी दोन्ही केलं. भारत ५३ धावांनी जिंकला आणि उपांत्य फेरीत गेला, हे आम्ही मैदानात नव्हे, जुईनगरच्या फलाटावर पाहिलं.

गर्दीत लक्षात ठेवायचं

वहिनीला मुंबईत वीस वर्षं झाली. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, तेव्हापासून ती काही नियम कटाक्षानं पाळते. तिचे नियम असे :

• जिना किंवा पूल गच्च भरलेला दिसला तर खालीच कडेला थांबावं. एक गाडी गेली तर जाऊ द्यावी.
• गर्दीच्या उलट दिशेनं कधी घुसू नये. कडेकडेनं, प्रवाहाबरोबर तिरकं चालत बाहेर पडावं.
• चप्पल, पर्स, मोबाइल, काही पडलं तरी वाकू नये.
• फार रेटा आला तर दोन्ही हात छातीपुढं दुमडून धरावेत, म्हणजे श्वासाला जागा राहते.
• लहान मूल असेल तर दोन मोठ्या माणसांच्या मधे ठेवावं, मागं नव्हे.
• रात्री रिकाम्या डब्यात बसू नये. चार बायका जिथं असतील तो डबा पाहावा. अडचण आली तर रेल्वेसाठी १३९ आणि एरवी ११२ हे नंबर पाठ असावेत.

आणि अंतिम सामना

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. ३० ऑक्टोबरला जेमिमा रॉड्रिग्जनं नाबाद १२७ करून ऑस्ट्रेलियाला घरी पाठवलं. २ नोव्हेंबरचा अंतिम सामना पावसामुळं दोन तास उशिरा सुरू झाला, आणि मध्यरात्रीच्या सुमारास भारतानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं. १९७८ साली डायना एडलजींचा संघ पहिल्यांदा विश्वचषक खेळला होता, तोही भारतातच. तेव्हापासून सत्तेचाळीस वर्षांनी हा चषक आपल्या बायकांच्या हाती आला.

ती रात्र आम्ही खामगावात, घरीच काढली. अशा रात्री मैदानात राहायचं तर लोकलच्या भरवशावर राहूच नये. जवळच मुक्काम ठरवावा, किंवा परतीची गाडी आधी सांगून ठेवावी.

सासूबाई शेवटपर्यंत जाग्या होत्या. टीव्हीवर ते खच्चून भरलेलं स्टेडियम दिसलं, तशा माझ्याकडं वळून म्हणाल्या, "एवढ्या गर्दीत पोरीले सोडलं होतं काय व तुनं?"

मी गप्प बसले. लेकच म्हणाली, "आजी, सोडलं नव्हतं. ठरलं होतं आमचं."

सासूबाई थोडा वेळ टीव्हीकडं पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते जुईनगर यात कुठं दिसते व?"